कोकोला खरंच कळतं का? (मांजरवाल्या रहस्यकादंबऱ्यांचा धागा)

खिडकीतली | मंगळवार, रात्री ११.४२

डावा पाय प्लास्टरमध्ये आहे. जिन्यात पडले. पडण्याचं कारण चार पायांचं असून आत्ता माझ्याच उशीवर झोपलंय. नाव कुरडई, कारण झोपली की अगदी तशीच दिसते. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत, त्यातले दोन कसेबसे ढकलले. दिवाणावर पडायचं आणि समोरच्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघत बसायचं, एवढाच उद्योग. म्हणून लिलियन जॅक्सन ब्राउनबाईंची 'द कॅट हू' मालिका पुन्हा वाचायला काढली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. जिम क्विलरन हा पंचेचाळिशी उलटलेला पत्रकार. एके काळी गुन्हेवार्तांमध्ये नाव कमावलेला, मग दारूपायी सगळं घालवून बसलेला, आता त्यातून सुटलेला. 'डेली फ्लक्शन' नावाच्या दैनिकात त्याला नोकरी मिळते ती कलाविषयक बातम्यांची, आणि चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नाही. ज्याच्या घरात तो भाड्याने राहतो त्या कलासमीक्षकाचा सयामी बोका म्हणजे कोको. पूर्ण नाव काओ को-कुंग, तेराव्या शतकातल्या एका चिनी चित्रकाराचं. हा बोका वर्तमानपत्राचे मथळे वाचतो, पण उजवीकडून डावीकडे. पहिल्या कादंबरीचं नावच 'द कॅट हू कुड रीड बॅकवर्ड्‌ज', साल १९६६. पुढच्या कादंबरीत यम यम ही मांजरी येते आणि संसार पूर्ण होतो.

माझा मुद्दा असा की या मालिकेची सगळी गंमत कोको बोलत नाही यात आहे. तो फळीवरून एखादं पुस्तक पाडतो, मध्येच गळा काढतो, नको त्या ठिकाणी नखं मारतो. इकडे क्विलरनच्या झुबकेदार मिशा थरारतात आणि त्याला काहीतरी सुचतं. आता बोक्याला खुनी ठाऊक होता, की त्याला फक्त भूक लागली होती? बाई शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगत नाहीत. ज्या मालिकांमध्ये मांजरं सरळ गप्पा मारतात तिथे माझ्यापुरतं रहस्य तिथेच मेलं. बोला, पटतंय का?

(अवांतर: मालिकेतलं तिसरं पुस्तक माझ्याकडे होतं. सहा वर्षांपूर्वी मोठ्या जाऊबाई दिवाळीत वाचायला घेऊन गेल्या. त्या म्हणतात परत दिलं. असो.)

गोगलगाय | बुधवार, सकाळी ७.१०

वाचतेय. त्या 'असो'मध्ये अख्खी कादंबरी आहे.

तात्या_डोंबिवलीकर | बुधवार, सकाळी ८.०५

पाय सांभाळा. प्लास्टरमध्ये खाज सुटली तर विणायची सुई घालू नका, मी घातली होती, पुढचं विचारू नका.

आमच्या वेळी रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर. झुंजार, काळा पहाड! लायब्ररीत नंबर लावावा लागायचा. रहस्यकथांतलं मांजर म्हटलं की मला एकच काम आठवतं. अंधारात काहीतरी धप्पकन पडतं, नायक पिस्तूल रोखतो, आणि निघतं मांजर. वाचकाने सुस्कारा टाकला की पुढच्या पानावर खरा मुडदा. मांजराने स्वतः तपास करायचा हे आमच्या गावीही नव्हतं. तुम्ही तरुण मंडळी या प्रकाराला 'कोझी' म्हणता ना? म्हणजे नेमकं काय ते म्हाताऱ्याला सांगा.

खिडकीतली | बुधवार, सकाळी ९.३०

तात्या, सोपं आहे. गाव लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. खून होतो, पण आपल्याला दिसतो तो थेट मुडदाच, कापाकापी नाही. शोध घेणारी व्यक्ती पोलिसातली नसते. केकवाली, ग्रंथपाल, लोकरीचं दुकान चालवणारी, नाहीतर नुसतीच चौकस बाई. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल या सगळ्यांची आजी, पहिली कादंबरी १९३० सालची. खुनी सापडतो, घडी विस्कटलेलं गाव पुन्हा जागेवर येतं. आणि एक अलिखित कलम: माणसं किती का मरेनात, मांजराला काही होता कामा नये. ते मोडलं तर वाचक लेखकाचं घर उन्हात बांधतील.

मराठीत शब्द नाही. 'उबदार रहस्यकथा' म्हटलं तर हीटरची जाहिरात वाटते. 'गोधडीकथा' कसं वाटतं?

रंकाळा | बुधवार, सकाळी १०.१५

गोधडी पुण्याची. आमच्याकडं वाकळ म्हणत्यात. वाकळकथा म्हणा की, वजन हाय शब्दाला.

अर्धवट_वाचक | बुधवार, दुपारी १.२०

गोधडी म्हणा नाहीतर वाकळ, खाली मुडदा आहे हे विसरू नका. माझी या प्रकाराबद्दल हीच तक्रार आहे. शेजारी खून झालाय आणि मंडळी सफरचंदाच्या पायची पाककृती देताहेत. दर वर्षी दोन मुडदे पडणाऱ्या गावात लोक घरं का विकत घेतात? 'मर्डर, शी रोट' ही टीव्ही मालिका १९८४ ते १९९६ चालली. त्यातल्या कॅबट कोव्ह या चिमुकल्या गावात इतके खून झाले की तिकडे त्यावर विनोद पडले.

आणि ब्राउनबाईंचा क्विलरन तर चौथ्या-पाचव्या पुस्तकानंतर कोट्यधीशच होतो. क्लिंगेनशोन घराण्याची अवाढव्य इस्टेट त्याच्या पदरात पडते, अट एकच, पाच वर्षं मूस काउंटी नावाच्या उत्तरेकडच्या आडभागात राहायचं. म्हणजे संपलेला पत्रकार जगायला धडपडतोय, ही जी एकमेव खरी गोष्ट होती तीही गेली. शेवटची सात-आठ पुस्तकं म्हणजे जेवणाच्या पंगती आणि बोक्याचे लाड. मधूनमधून कोणीतरी मरतं, बहुधा कंटाळ्याने.

मांजर आणि गुन्हा एकत्र बघायचा असेल तर एडगर ॲलन पो वाचा. 'द ब्लॅक कॅट', १८४३. बायकोला भिंतीत चिणणारा माणूस पोलिसांसमोर फुशारकीने भिंतीवर काठी आपटतो आणि आतून मांजर ओरडतं. बोलत नाही, तपास करत नाही, मिशा थरारत नाहीत. एक किंकाळी, खेळ खलास.

खिडकीतली | बुधवार, दुपारी १.४५

शेवटच्या पुस्तकांबद्दल मान्य. अगदी अखेरचं २००७ चं, कोकोच्या साठ मिशांवरचं, मी अर्ध्यात ठेवलं. पण पोची गोष्ट रात्री वाचून घरच्या मांजराकडे बघवत नाही, त्याचं काय?

सायली_मिशिगन | बुधवार, संध्याकाळी ६.५०

अरे वा, माझ्या राज्यातला विषय! मी आणि माझा नवरा इथे नवीन आलो तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं, हिवाळा दाराशी. सार्वजनिक वाचनालयाच्या विक्रीत पन्नास सेंटला एक अशी ही पुस्तकं मिळाली. अकरा घेतली. बर्फ वितळेपर्यंत पुरली.

मूस काउंटी कुठे आहे हे बाई सांगत नाहीत, 'सगळ्यापासून चारशे मैल उत्तरेला' एवढंच. पण इथल्या वाचकांच्या मते पिकॅक्स हे त्यातलं मुख्य गाव मिशिगनच्या बॅड ॲक्सवरून बेतलंय. बॅड ॲक्स म्हणजे वाईट कुऱ्हाड, खरंच असं गाव आहे, आणि तो भाग नकाशात हाताच्या अंगठ्यासारखा दिसतो म्हणून त्याला थंबच म्हणतात. ब्राउनबाई स्वतः 'डेट्रॉइट फ्री प्रेस'मध्ये जवळजवळ तीस वर्षं होत्या. त्यामुळे ती वर्तमानपत्राच्या कचेरीतली कुरबूर, संपादकाचे विक्षिप्त हुकूम, ते ऐकीव नाही.

@अर्धवट_वाचक, तुम्ही म्हणता सफरचंदाचे पाय आणि पंगती. पण ही मालिका सुरू कशी झाली माहितेय? बाईंच्या चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने सयामी पिल्लू दिलं, त्याचं नाव कोको. तो बोका दहाव्या मजल्यावरच्या खिडकीतून पडून मेला. शेजाऱ्यांचं म्हणणं पडलं की त्याला कोणीतरी ढकललं. बाईंना झोप लागेना. ते डोक्यातून जावं म्हणून त्यांनी कथा लिहिली, 'द सिन ऑफ मादाम फ्लोई', एलरी क्वीनच्या रहस्यकथांच्या मासिकात १९६२ साली आली. तिच्यात आई मांजर आपल्या पिल्लाचा सूड घेते. कादंबऱ्या त्यानंतरच्या. मांजराला काही होऊ द्यायचं नाही हे कलम इतर लेखक बाजार बघून पाळत असतील, या बाईने तो अनुभव घेतला होता.

अर्धवट_वाचक | बुधवार, संध्याकाळी ७.२०

हे माहीत नव्हतं. पायबद्दलचं विधान मागे, पंगतींबद्दलचं कायम.

गोगलगाय | बुधवार, रात्री ९.००

तीन पुस्तकं १९६८ पर्यंत आणि चौथं एकदम १९८६ ला, असं का? अठरा वर्षं बाई काय करत होत्या?

सायली_मिशिगन | बुधवार, रात्री ९.४०

नोकरी. वाचकांना आता रक्त आणि शरीरसंबंध हवेत, मांजरं नकोत, असा प्रकाशनाचा वारा फिरला होता. चौथं हस्तलिखित लिहून पडलेलं. नोकरी संपल्यावर नवऱ्याने मागे लागून ते पाठवायला लावलं. नंतर गाडी थांबलीच नाही, एकूण एकोणतीस कादंबऱ्या झाल्या. २०११ साली गेल्या तेव्हा बाई ९७ वर्षांच्या होत्या. जाता जाता, प्रकाशक त्यांचं जन्मसाल अनेक वर्षं चुकीचं छापत होते आणि बाईंनीही ते चालू दिलं. खरं वय त्यांनी एका मुलाखतीत २००५ मध्ये सांगितलं.

तात्या_डोंबिवलीकर | गुरुवार, सकाळी ७.५५

वय लपवणारी रहस्यकथालेखिका. आवडली बाई.

पोस्टातली_माई | गुरुवार, सकाळी ११.३०

धागाकर्तीशी असहमत. मी टपालखात्यात चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ एका तालुक्याच्या गावी पोस्टमास्तर म्हणून. मला आवडते ती रीटा मे ब्राउनची मिसेस मर्फी मालिका. व्हर्जिनियातलं क्रोझे हे गाव, आणि हॅरी ही तिथली पोस्टमास्तरीण. मिसेस मर्फी तिची मांजर, टकर ही कॉर्गी कुत्री, पुढे प्यूटर म्हणून एक लठ्ठ, चोंबडी, करडी मांजर. पहिली कादंबरी १९९०ची, 'विश यू वर हिअर'. गावातल्या लोकांना थडग्यांची चित्रं असलेली पोस्टकार्डं येतात, त्यावर तेवढंच वाक्य. मग ते ते लोक मरतात. हॅरीला कार्डं दिसतात, कारण ती सगळ्यांची कार्डं वाचते.

तर यातली जनावरं आपसात बोलतात, हे खरं. पण माणसांना त्यातलं अक्षर कळत नाही! मर्फी मालकिणीला जीव तोडून सांगते की तो माणूस खोटं बोलतोय, त्याच्या अंगाला भीतीचा वास येतोय. आणि हॅरी म्हणते, भूक लागली का गं? मला तर त्या बोलण्यामुळेच जास्त धडधडतं. मांजर बोललं की रहस्य मरतं हे तुमचं म्हणणं मला म्हणून पटत नाही. आपल्याला माहीत असतं, तिला नसतं, आणि तिच्या पायात घोटाळणाऱ्याला सांगता येत नसतं.

पोस्टात असंच असायचं. सॉर्टिंगला बसलं की कोणाला कोर्टाची नोटीस आलीय, कुणाच्या मुलाची मनीऑर्डर तीन महिने थांबलीय, कुठल्या घरी एकाच अक्षरातली पाकिटं येतात आणि कधी यायची बंद होतात, सगळं हाताखालून जायचं. बोलायची सोय नाही. बटवडा झाला की विसरायचं. त्या मर्फीचं दुःख मला कळतं.

एक मात्र खटकतं. पुस्तकावर सहलेखिका म्हणून स्नीकी पाय ब्राउन हे लेखिकेच्या मांजरीचं नाव छापतात. मानधनात तिचा वाटा किती, ते कुठे दिसलं नाही.

खिडकीतली | गुरुवार, सकाळी ११.५०

माई, कार्डं तुम्हीही वाचायचात का?

पोस्टातली_माई | गुरुवार, सकाळी ११.५४

उघडं कार्ड वाचायला काय परवानगी लागते?

रंकाळा | गुरुवार, दुपारी १२.३०

हसून हसून पुरेवाट. माई एक नंबर.

खिडकीतली | गुरुवार, दुपारी १.१५

माईंचा प्रतिसाद वाचून माझं घोडं जरा अडलंय, ते मोकळेपणाने मान्य. जरा विचार करते.

तोवर एक घरगुती बातमी. आज पहाटे सव्वापाचला कपाटाच्या मधल्या फळीवरून धाडकन पुस्तक पडलं. शब्दकोश, तब्बल दोन किलोंचा. पाडणारी फळीवर बसून पंजा चाटत होती. सासूबाई उठून आल्या, म्हणाल्या, कालही पडला होता. परवाही. मी गोळ्यांच्या गुंगीत असल्यामुळे मला पत्ता नाही. तिन्ही दिवस तोच शब्दकोश, आणि उघडला तो एकाच पानावर. 'खानावळ' ते 'खारट'.

गोगलगाय | गुरुवार, दुपारी १.१९

शब्दकोश!!! कोकोचा खेळ!

सायली_मिशिगन | गुरुवार, संध्याकाळी ५.३०

अंगावर काटा. माहीत नसलेल्यांसाठी: सुरुवातीच्या पुस्तकांत कोको आणि क्विलरन एक खेळ खेळतात. कोको जाडजूड शब्दकोशाच्या कडेत नखं रुतवतो, क्विलरन तिथे उघडतो आणि पानाच्या डोक्यावरचे शब्द मोठ्याने वाचतो. त्याची शब्दसंपत्ती वाढते आणि कधीकधी धागाही मिळतो. खिडकीतली, त्या पानावरचे सगळे शब्द टाक इथे. तपास सुरू.

खिडकीतली | गुरुवार, संध्याकाळी ६.१०

सगळे नाही टाकत, मोठेच टाकते. खानावळ, खानेसुमारी, खापर, खापरपणजोबा, खार, खारट.

तात्या_डोंबिवलीकर | गुरुवार, संध्याकाळी ६.२५

उघड आहे. खानावळ. तिला तुमच्याकडचं जेवण पसंत नाही.

रंकाळा | गुरुवार, संध्याकाळी ६.४०

खारट. सुकट हाय का घरात?

पोस्टातली_माई | गुरुवार, संध्याकाळी ७.००

खार असेल. खिडकीबाहेर झाड आहे का? आमच्या ऑफिसमागे जांभळावर खारी होत्या, पोस्टातली मांजर दिवसभर खिडकीला नाक लावून बसायची.

जनुकभाऊ | गुरुवार, रात्री १०.१०

हलके घ्या, पण शब्दकोश सतत एका पानावर उघडतो याचं कारण बांधणी असते. जाड पुस्तकाचा कणा एकदा जिथे मोडला तिथेच ते पुन्हा उघडतं. मांजराचा संबंध नाही.

बाकी धागा मजेशीर आहे म्हणून दोन जीवशास्त्रीय नोंदी. सयामी मांजराची पिल्लं जन्मतात तेव्हा जवळपास पांढरी असतात. त्यांच्यात काळा रंग बनवणारं विकर (एन्झाइम) अंगाच्या उबेत नीट चालत नाही, थंड भागांत चालतं. म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट एवढंच गडद. थंडीत वाढलेलं सयामी मांजर जास्त काळपट होतं. क्विलरन शहर सोडून मूस काउंटीच्या बर्फात राहायला गेला, त्या हिशोबाने कोको दर पुस्तकागणिक सावळा होत जायला हवा होता. बाईंनी हे हिशोबात धरलंय का, कोणी बघितलंय?

ओसाकावाली | शुक्रवार, पहाटे ५.२५

माझी सकाळ, तुमची पहाट. जपानबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. इथे मांजर आणि तपास म्हटलं की एकच नाव, 'मिकेनेको होम्स'. मिकेनेको म्हणजे तिरंगी मांजर, पांढरी-काळी-नारिंगी. लेखक जिरो अकागावा, पहिली कादंबरी १९७८ ची, आणि मालिकेची पन्नासच्या वर पुस्तकं. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानात अजून दिसतात, डब्यात बसून आजोबा वाचत असतात.

यातला कातायामा हा खरा पोलीस, पण रक्त बघून चक्कर येणारा, उंचीला घाबरणारा, बायकांसमोर ततपप होणारा. पहिल्याच कादंबरीत खून झालेल्या एका प्राध्यापकाची मांजर याच्याकडे येते, ती होम्स. आणि होम्स बोलत नाही! नुसती बघते, कुठेतरी जाऊन बसते. कातायामा आणि त्याची बहीण हारुमी, दोघं त्याचा अर्थ लावतात. २०१२ मध्ये टीव्हीवर मालिका झाली तेव्हा मात्र होम्सला मधूनमधून माणसाच्या रूपात आणून बोलायला लावलं. धागाकर्तीच्या बाजूने माझं मत: तिथेच मजा गेली.

जनुकभाऊ | शुक्रवार, सकाळी ८.४०

नाव होम्स पण मादी आहे ना? असणारच. नारिंगी रंगाचं जनुक क्ष (X) गुणसूत्रावर असतं. एका क्षवर नारिंगी आणि दुसऱ्यावर काळा, असे दोन लागतात तेव्हा तिरंगी मांजर होतं, आणि दोन क्ष मादीत असतात, म्हणजे ती बहुतेक मादीच. तिरंगी बोका फार क्वचित, त्याच्यात सहसा एक जादा क्ष गुणसूत्र असतं. एखाद्या लेखकाने हाच पुरावा म्हणून वापरायला हवा. साक्षीदार सांगतो, मी तिरंगी बोका बघितला. डिटेक्टिव्ह म्हणतो, खोटारड्या!

तात्या_डोंबिवलीकर | शुक्रवार, सकाळी ९.१०

जनुकभाऊ, लिहा हो तुम्हीच. शेवट आत्ताच फुटला, तरी मी वाचेन.

अर्धवट_वाचक | शुक्रवार, दुपारी २.००

एक कबुली. बोलणारं एक मांजर मला आवडतं. कॅरोल नेल्सन डग्लसचा मिडनाइट लुई. लास वेगासमधला काळाकुट्ट बोका, वजन जवळपास वीस पौंड, आणि तो थेट वाचकाशी बोलतो, जुन्या गुंडपटांतल्या माणसासारखा, ऐटीत, एकही शब्द आखूड न करता. टेंपल बार ही त्याची माणूस, जनसंपर्काचं काम करणारी. लुईच्या मते अर्थातच त्याची मदतनीस. पहिली कादंबरी 'कॅटनॅप', १९९२. इथे गाव लहान नाही, सफरचंदाचे पाय नाहीत, जुगाराचे अड्डे आहेत. खिडकीतलीताईंचा नियम इथे लागू होत नाही, कारण लुईला खून कोणी केला यापेक्षा स्वतः किती भारी आहे यात जास्त रस असतो. बढाईखोर माणूस... म्हणजे बोका, पुरावा सांगतानाही लपवून ठेवतो.

मराठीत हे का नाही, हा माझा प्रश्न. वाडा आहे, चाळ आहे, सोसायटीची कमिटी आहे, सगळे एकमेकांच्या घरात डोकावतात. मांजर तर चार घरी चार नावांनी जेवतं.

खिडकीतली | शुक्रवार, दुपारी ३.१०

हौशी शोधकाची आपल्याकडे उणीव नाही, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहेच की. पण तो मुलांचा. मोठ्यांच्या पुस्तकात आपल्याला इन्स्पेक्टर लागतो. आणि मांजराच्या नशिबी आडवं जाणं. आमच्या सासूबाई अजून कुरडई दारात दिसली की दोन पावलं मागे येतात, मग चिडून पुन्हा निघतात.

त्यावरून आठवलं. सासूबाईंनी काल रात्रीपासून तपास हाती घेतलाय. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर रकाने पाडलेत: वार, वेळ, पुस्तक, 'मांजर कुठे बघत होती'. हा चौथा रकाना मला कधीच सुचला नसता.

सायली_मिशिगन | शुक्रवार, संध्याकाळी ७.३०

सासूबाईंना सदस्यत्व द्या!

खिडकीतली | शनिवार, सकाळी १०.२०

आजची नोंद, वहीतून जशीच्या तशी: 'शनि., ५.०५, शब्दकोश, फळीच्या आत. बाहेर नव्हे.'

सासूबाईंचा निष्कर्ष: मागे पाल आहे. आमची फळी खोल आहे, पुस्तकांच्या दोन रांगा. पुढच्या रांगेत शब्दकोश, त्याच्या मागे पोकळी. मांजरीला शब्दकोशाशी देणंघेणं नाही, तो तिच्या वाटेत येतो. आमचे हे चहा पिऊन झाल्यावर पुस्तकं खाली काढणार आहेत. मी दिवाणावरून सूचना करणार आहे.

अर्धवट_वाचक | शनिवार, सकाळी १०.३१

सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार. मिशा न थरारता केस सुटली.

खिडकीतली | शनिवार, दुपारी १२.४५

सुटली, पण अर्धवट_वाचकांना वाटते ती नाही.

पाल निघाली. कोपऱ्यात वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडीही होती. आणि मागच्या फळकुटाला टेकून, धुळीत उभं, 'द कॅट हू टर्न्ड ऑन अँड ऑफ'. तिसरं पुस्तक. जाऊबाईंनी नेलेलं.

मी लगेच म्हटलं, बघा, गुपचूप आणून मागे टाकलं असणार, तोंडावर द्यायची लाज वाटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुस्तक झटकलं, चष्मा लावला आणि उघडलं. आत खुणेला घडी घातलेलं लाइटबिल. आमचंच. मार्चचं. मागच्या बाजूला यादी: रवा एक किलो, फिनेल, बल्ब, 'आईंच्या गोळ्या'. अक्षर माझं.

जाऊबाई पहिल्यापासून एकच सांगत होत्या, संक्रांतीला वाण घ्यायला आले तेव्हा परत दिलं. संक्रांत जानेवारीत. म्हणजे मार्चमध्ये ते पुस्तक मी, या घरात, या दिवाणावर, पुन्हा वाचत होते. निम्म्यावर खूण घातली, फळीवर ठेवलं, ते मागे सरकलं आणि मी सहा वर्षं दर सणाला त्या माउलीकडे चोर म्हणून बघितलं. दोन वेळा तर नवीन पुस्तक मागितल्यावर 'सध्या सापडत नाहीये' असं सांगितलं.

सासूबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, "पानावर काय काय शब्द होते म्हणालीस?"

गोगलगाय | शनिवार, दुपारी १२.४८

खापर!!!!

रंकाळा | शनिवार, दुपारी १२.५५

आयला! खापर! आम्ही सगळी सुकट शोधत बसलो.

तात्या_डोंबिवलीकर | शनिवार, दुपारी १.०५

दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलेलं. मी तर खानावळीवर पैज लावली होती.

जनुकभाऊ | शनिवार, दुपारी २.३०

पुन्हा सांगतो: बांधणी. अधिक पाल.

ओसाकावाली | शनिवार, दुपारी २.४०

जनुकभाऊ, कातायामालाही सगळे हेच सांगतात.

खिडकीतली | शनिवार, दुपारी ४.००

जनुकभाऊ बरोबर आहेत. कुरडईला पाल हवी होती. पण शब्दकोश पडला नसता तर पुस्तकं खाली निघाली नसती, हेही तितकंच खरं. माई, तुमचं म्हणणं मला आता कळतंय. तिने चार दिवस सांगितलं आणि मी विचारत होते, भूक लागली का गं.

जाऊबाईंना फोन केला. लाइटबिलाचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग खदखदून हसू. रविवारी पाय बघायला येताहेत, सोबत खोबऱ्याच्या वड्या. चौथं पुस्तक मागितलंय, १९८६ चं.

पोस्टातली_माई | शनिवार, संध्याकाळी ५.१५

द्या. पण नोंदणीकृत. वहीत तारीख टाका, पुस्तकाचं नाव लिहा आणि सही घ्या. चौतीस वर्षांचा अनुभव सांगतेय.

खिडकीतली | शनिवार, संध्याकाळी ५.४०

सासूबाईंनी रकाने आखूनही ठेवलेत. फक्त सहीच्या रकान्यात जाऊबाईंचं नाव नाही, माझं आहे. 'पुस्तक परत मिळाले' असं त्याच्यावर लिहिलंय.